घटक ४ : कादंबरी आणि चरित्र – वाचन आणि शिफारस

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस,

- कादंबरी, चरित्र, चरित्रात्मक कादंबरी आणि आत्मचरित्र यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
- क्रियापदाचे रूप, पुरुष आणि वचन यांवरून निवेदकाच्या माहितीचा आधार ओळखता येईल.
- एकाच व्यक्तीवरील निरनिराळ्या ग्रंथांची तुलना करता येईल.
- विशिष्ट वाचकास योग्य ठरेल अशी ग्रंथ-शिफारस लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकांत आपण कादंबरी आणि चरित्र या वाङ्मयप्रकारांची घटकतत्त्वे स्वतंत्रपणे पाहिली. प्रत्यक्ष वाचनात मात्र हे प्रकार इतके अलग राहत नाहीत. ग्रंथालयाच्या एकाच फळीवर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आणि एखादे पेशवेकालीन चरित्र शेजारी-शेजारी उभे असते. वाचक दोन्ही पुस्तके घरी नेतो आणि दोन्हींतून त्याच्या मनात एकच माधवराव पेशवे तयार होतात. त्यातले काय कागदपत्रांतून आले आणि काय लेखकाच्या प्रतिभेतून आले, हे काही काळाने त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घर सांभाळून शिकत आहेत. ‘तुम्ही मराठी घेऊन बी. ए. करता, मग मला काहीतरी चांगले वाचायला सुचवा’ ही मागणी आपणांस कधी ना कधी होणारच. मुलांच्या शाळेत, कार्यालयात, गावच्या वाचनालयात ती होते. या मागणीला उत्तर देणे हे वाङ्मयाच्या अभ्यासाचे एक प्रत्यक्ष उपयोजन आहे. त्यासाठी पुस्तक आवडणे पुरेसे नाही. ते पुस्तक वाचकाला कोणत्या प्रकारचे सत्य देऊ करते, हे सांगता आले पाहिजे. या घटकाचा मुख्य मुद्दा हाच आहे. तो समजून घेण्यासाठी आपण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यावरील ग्रंथांचे उदाहरण घेणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ एक आयुष्य, चार ग्रंथ

आनंदीबाईंच्या आयुष्याची रूपरेषा थोडक्यात अशी आहे. त्यांचा जन्म १८६५ सालचा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने बरेच मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले. ते काही दिवसांतच दगावले. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या अल्प आयुष्यावर जे लेखन झाले, त्यांतील चार ग्रंथ आपल्या विवेचनासाठी घेऊ.

१. कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेचे १८८८ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेले इंग्रजी चरित्र. डॉलबाईंचा आनंदीबाईंशी प्रत्यक्ष परिचय होता.

२. काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिलेले चरित्र. काशीबाई (१८६१–१९४८) या आनंदीबाईंच्या समकालीन, आणि मराठीतील आरंभीच्या कादंबरीलेखिकांपैकी एक. ग्रंथाच्या नावातच ‘चरित्र व पत्रे’ असे शब्द आहेत.

३. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८).

४. अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हे संशोधनपर चरित्र.

आता केवळ शीर्षके पाहा. ‘चरित्र व पत्रे’ हे शीर्षक वाचकाला आधारसामग्रीची हमी देते. ‘काळ आणि कर्तृत्व’ हे शीर्षक व्यक्तीबरोबर तिच्या युगाचाही अभ्यास येथे आहे असे सांगते. ‘आनंदी गोपाळ’ या शीर्षकाची रचना वेगळी आहे. मराठी पद्धतीनुसार विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव येते. त्यामुळे ‘आनंदी गोपाळ’ हे एका स्त्रीच्या पूर्ण नावाचे पहिले दोन शब्द आहेत. त्याच वेळी ती दोन माणसांची जोडीही आहे. नाव एकाच व्यक्तीचे आणि व्यक्ती दोन! पती-पत्नीमधील नाते हा या कादंबरीचा विषय आहे, हे शीर्षकातच सुचवलेले आहे. येथे ‘डॉ.’ ही उपाधी नाही आणि ‘बाई’ हा आदरदर्शक शब्दही नाही, याची नोंद घ्या. त्याचे महत्त्व पुढील भागात स्पष्ट होईल.

४.३.२ क्रियापदाची साक्ष

पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे हे मुखपृष्ठावरून कळते, असे आपण गृहीत धरतो. पण मुखपृष्ठ पाहिले नाही तरी भाषा ते सांगत असते. पुढील चार वाक्ये लक्षपूर्वक वाचा. ती कोणत्याही ग्रंथातील नाहीत. विवेचनासाठी येथे रचलेली आहेत.

(क) १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या.

(ख) आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी सेरामपूर येथील भाषणात सांगितले आहे.

(ग) प्रवासात त्यांना एकटेपणा जाणवला असावा.

(घ) बोट हलली तशी आनंदीला वाटले, आता मागे वळून पाहायचे नाही.

(क) मध्ये साधा भूतकाळ आहे. घटना घडली, एवढेच वाक्य सांगते. असे वाक्य चरित्रात येईल तसेच कादंबरीतही येईल.

(ख) मध्ये ‘सांगितले आहे’ हे रूप आहे. भाषण १८८३ साली झाले, तरी क्रियापदाला ‘आहे’ जोडलेले आहे. ते भाषण आजही उपलब्ध आहे, वाचकाला पडताळून पाहता येते, असा संकेत या ‘आहे’तून मिळतो. चरित्रकार पत्रे, दैनंदिनी, भाषणे यांचा आधार देताना हे रूप वारंवार वापरतात.

(ग) मध्ये ‘असावा’ हे तर्कदर्शक रूप आहे. लेखकाजवळ थेट पुरावा नाही; परिस्थितीवरून तो अनुमान करत आहे आणि ते अनुमान असल्याचे प्रामाणिकपणे सांगत आहे. ‘असावा’, ‘असेल’, ‘बहुधा’, ‘म्हणतात’, ‘म्हणे’ हे शब्द चरित्रवाचनात महत्त्वाचे आहेत. ‘असावा’ने लेखकाचा स्वतःचा तर्क कळतो, तर ‘म्हणे’ने माहिती ऐकीव असल्याचे कळते.

(घ) मध्ये ‘आनंदीला वाटले’ असे निःशंक विधान आहे. दुसऱ्याच्या मनात काय आले हे आपणांस बाहेरून दिसत नाही. ते निश्चयाने सांगायचे तर एक तर त्या व्यक्तीने तसे लिहून ठेवलेले असले पाहिजे, किंवा सांगणारा सर्वज्ञ निवेदक असला पाहिजे. आधाराचा उल्लेख न करता मनातले सांगणारे असे वाक्य मुख्यतः कादंबरीचे असते.

आणखी एक खूण वचनाची आहे. (क) मध्ये ‘आनंदीबाई गेल्या’ असे आदरार्थी बहुवचन आहे, तर (घ) मध्ये ‘आनंदी’ हे एकेरी नाव आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन एक अंतर राखते. चरित्रकार सहसा ते अंतर पाळतो. कादंबरीकार ते ओलांडून पात्राच्या जवळ जातो. येथे एकेरी नाव सलगी दाखवते. त्यात अनादर नसतो. हा नियम सर्वत्र बिनचूक लागू पडतो असे मात्र नाही. बालपणाच्या प्रकरणात चरित्रकारही एकेरी उल्लेख करतो, आणि काही कादंबरीकार आदरार्थी रूपे कायम ठेवतात. म्हणून एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. अनेक खुणा एकत्र पाहाव्यात.

४.३.३ ‘मी’ कोण?

प्रथमपुरुषी निवेदन वाचताना आपला गोंधळ अधिक होतो. ‘मी’ म्हणून सांगणारी व्यक्ती खरी आहे, असे वाचकाला आपोआप वाटते.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती एका स्त्रीच्या आत्मकथेच्या रूपात लिहिलेली आहे. प्रमाण मराठीत अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपात ‘मी’चे लिंग प्रकट होते : ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’. त्यामुळे मुखपृष्ठावरील लेखकाचे नाव आणि आतील क्रियापद यांतील विसंगती वाचकाच्या लगेच लक्षात येते. लेखक आणि निवेदक भिन्न असल्याचा हा व्याकरणातील पुरावा आहे. (कोल्हापूर परिसरातील बोलीत स्त्रियाही ‘मी गेलो’ म्हणतात, म्हणून बोलीतील लेखन वाचताना ही कसोटी जपून वापरावी.)

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) असा पुरावा मिळत नाही. लेखक पुरुष, निवेदक पांडुरंग सांगवीकरही पुरुष. येथे निवेदकाचे नाव पाहावे लागते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन आदी अनेक पात्रे क्रमाने ‘मी’ म्हणून बोलतात. ‘मी’ एकाहून अधिक झाले की ही रचना कल्पित आहे, हे उघडच होते.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त किंवा दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) ‘मी’मागे प्रत्यक्ष जगलेले आयुष्य आहे. ‘बलुतं’ची रचना मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, अशी तिची मांडणी आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची. मागे सोडलेले नाव आणि लेखक म्हणून मिळालेले नाव यांतील अंतर या मांडणीतून व्यक्त होते. येथे साहित्यिक युक्ती वापरली म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. ‘बलुतं’ची शिफारस ‘कादंबरी’ म्हणून करणे ही केवळ वर्गीकरणाची चूक राहणार नाही. एका माणसाने भोगलेले आपण कल्पित म्हणून बाजूला सारले, असा तिचा अर्थ होईल.

आपली प्रगती तपासा – १

१. ‘त्यांना ही बातमी उशिरा कळली असावी’ या वाक्यात लेखकाच्या माहितीचा आधार कोणता?
२. ‘आनंदी गोपाळ’ हे शीर्षक दोन प्रकारे कसे वाचता येते?
३. ‘मी पुस्तक वाचले’ या वाक्यावरून निवेदक स्त्री आहे की पुरुष, हे सांगता येईल का? का?

४.३.४ चरित्रातील सत्य आणि कादंबरीतील सत्य

चरित्र म्हणजे सत्य आणि कादंबरी म्हणजे असत्य, अशी विभागणी करू नये. चरित्रकारालाही निवड करावी लागते. डॉलबाई अमेरिकन वाचकांसाठी लिहीत होत्या; दूरदेशीच्या एका विद्यार्थिनीचे जग त्यांना त्या वाचकांना समजावून द्यायचे होते. काशीबाई त्याच समाजात वाढलेल्या होत्या. त्यांना ते जग समजावून घेण्याची गरज नव्हती. एकाच व्यक्तीकडे या दोघी दोन दिशांनी पाहतात. न. चिं. केळकर हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांनी लिहिलेल्या तीन खंडांच्या टिळक-चरित्राला या निकटतेमुळे जशी माहितीची श्रीमंती लाभली, तशीच एका बाजूने पाहण्याची मर्यादाही संभवते. वाचकाने चरित्र वाचताना ‘लेखक चरित्रनायकाच्या किती जवळ उभा आहे?’ हा प्रश्न विचारावा.

मग कादंबरी काय देते? पुरावा जिथे संपतो, तिथे तिचे काम सुरू होते. आनंदीबाईंची पत्रे उपलब्ध आहेत. पण दहा-बारा वर्षांची मुलगी आणि तिला शिकवण्याच्या ध्यासाने पेटलेला तिचा नवरा एका खोलीत बसले असताना जे बोलणे झाले, त्याची नोंद कोणी केलेली नाही. मूल गेल्यानंतरच्या रात्री घरात काय शांतता होती, हे कोणत्याही कागदावर नाही. कादंबरीकार ती जागा कल्पनेने भरतो. ती कल्पना त्या काळाशी आणि त्या माणसांच्या स्वभावाशी सुसंगत असेल, तर वाचकाला जी जाणीव होते ती खोटी नसते.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. कादंबरीतील संवाद कोणीतरी भाषणात, निबंधात किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘आनंदीबाई म्हणाल्या’ असे लिहून उद्धृत करतो. लेखकाने रचलेले वाक्य अशा रीतीने प्रत्यक्ष व्यक्तीच्या तोंडी जाते. गोपाळरावांसारख्या गुंतागुंतीच्या माणसाविषयी तर हा धोका अधिक आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि त्याच पत्नीशी ते कठोरपणेही वागले. कादंबरीतील एखाद्या प्रसंगावरून त्यांना देवत्व देणे किंवा खलनायक ठरवणे सोपे असते. हयात नसलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. त्याच्या वतीने सावध राहण्याची जबाबदारी वाचकावर, आणि पुस्तक सुचवणाऱ्यावर येते.

४.३.५ शिफारस कशी करावी?

‘हे पुस्तक अप्रतिम आहे. प्रत्येकाने वाचलेच पाहिजे.’ या दोन वाक्यांत पुस्तकाविषयी काय माहिती मिळाली? काहीच नाही. ‘अप्रतिम’ हे विशेषण बोलणाऱ्याच्या मनःस्थितीचे वर्णन करते. ‘प्रत्येकाने’ या सर्वनामात समोरचा विशिष्ट वाचक हरवतो. ‘वाचलेच पाहिजे’ या रचनेत आग्रह आहे, कारण नाही. शिफारस करताना पुढील चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. प्रकार कोणता? चरित्र, आत्मचरित्र, चरित्रात्मक कादंबरी, सामाजिक, ऐतिहासिक, ग्रामीण, पौराणिक की विज्ञान कादंबरी?

२. सत्याचा दावा कोणता? पत्रे आणि कागदपत्रे यांचा आधार किती? संवाद रचलेले आहेत का?

३. भाषा कशी आहे? काशीबाईंच्या काळातील गद्यात वाक्ये लांब आणि शब्द काहीसे अपरिचित असतात. ‘बलुतं’मध्ये बोलीचे शब्द आहेत. वाचकाला पहिली वीस-पंचवीस पाने नेटाने वाचावी लागणार असतील, तर तसे आधीच सांगावे.

४. कोणासाठी आणि केव्हा? पुस्तक मागणाऱ्याचे वय, वाचनाची सवय, हातातील वेळ आणि त्याची सध्याची परिस्थिती पाहावी.

चौथ्या प्रश्नासाठी तीन वाचकांची कल्पना करू. पहिली, परिचर्येचे शिक्षण घेणारी तरुणी. तिला रात्रपाळी असते आणि अखंड वाचनासाठी वेळ नसतो. ‘आनंदी गोपाळ’ तिला कथेच्या ओघात पुढे नेईल. म्हणून प्रारंभ तेथून करावा. दुसरे, एका शाळेतील शिक्षक. त्यांना स्त्री-शिक्षणावर व्याख्यान द्यायचे आहे. त्यांना प्रथम चरित्र द्यावे, कारण ते जे वाचतील ते श्रोत्यांपुढे वस्तुस्थिती म्हणून मांडतील. तिसरे, निवृत्त गृहस्थ. त्यांनी आजवर केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या आहेत आणि ‘चरित्रे रुक्ष असतात’ असे त्यांचे मत आहे. त्यांना वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) सुचवावे. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे कृषिशास्त्रज्ञ म्हणून टस्कीगी येथे काम केलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे हे चरित्र कथेसारख्या ओघाने लिहिलेले आहे. एका प्रकाराची गोडी असलेल्या वाचकाला शेजारच्या प्रकारात नेण्यासाठी असा पूल उपयोगी पडतो.

नमुना टिपण

‘आनंदी गोपाळ’ ही श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची चरित्रात्मक कादंबरी आहे. डॉ. आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांचे नाते तिच्या केंद्रस्थानी आहे. व्यक्ती आणि मुख्य घटना खऱ्या आहेत. संवाद आणि मनोव्यापार लेखकाने रचलेले आहेत. म्हणून त्यांतील वाक्ये आनंदीबाईंचे शब्द म्हणून उद्धृत करू नयेत. एकोणिसाव्या शतकातील घर आतून कसे असेल हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांनी ती अवश्य वाचावी. आनंदीबाईंचे स्वतःचे शब्द वाचायचे असतील, तर त्यानंतर काशीबाई कानिटकर यांचा ‘चरित्र व पत्रे’ हा ग्रंथ पाहावा. बालमृत्यू आणि दीर्घ आजारपण यांचे प्रसंग तीत आहेत. अशा दुःखातून नुकत्याच गेलेल्या वाचकाला ती देण्यापूर्वी विचार करावा.

या टिपणात एकही अतिशयोक्त विशेषण नाही. तरीही टिपण लिहिणाऱ्याला कादंबरी आवडली आहे, हे लपत नाही.

आपली प्रगती तपासा – २

१. निकटच्या सहकाऱ्याने लिहिलेल्या चरित्राचे एक बलस्थान आणि एक मर्यादा सांगा.
२. व्याख्यान देणाऱ्या वाचकाला प्रथम चरित्र का सुचवावे?

४.४ सारांश

एकाच व्यक्तीचे आयुष्य चरित्रात आणि कादंबरीत भिन्न प्रकारे येते. चरित्र आधार दाखवते आणि तर्क असेल तेथे तो तर्क असल्याचे सांगते. कादंबरी आधार संपतो तेथून पुढे जाते आणि पात्राच्या मनात प्रवेश करते. मराठीत क्रियापदाची रूपे, आदरार्थी वचन आणि ‘मी’चे लिंग या खुणा हा भेद ओळखण्यास साहाय्य करतात. उत्तम शिफारस पुस्तकाचा प्रकार, सत्याचा दावा, भाषा आणि योग्य वाचक या चार गोष्टी स्पष्ट करते. अशा शिफारशीमुळे वाचक फसत नाही आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे त्या माणसावरही अन्याय होत नाही.

४.५ पारिभाषिक शब्द

चरित्रात्मक कादंबरी : प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीच्या जीवनावर आधारलेली, संवाद व मनोव्यापार कल्पनेने रचलेली कादंबरी.
सर्वज्ञ निवेदक : सर्व पात्रांच्या मनातील विचार ज्ञात असणारा, कथेबाहेरचा निवेदक.
आदरार्थी बहुवचन : एका व्यक्तीसाठी आदर दर्शवण्यासाठी योजलेले बहुवचन.

४.६ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

प्रगती – १ : (१) लेखकाचे अनुमान, थेट पुरावा नाही. (२) एका विवाहित स्त्रीचे व तिच्या पतीचे नाव जोडलेले एकच नाव म्हणून, आणि दोन व्यक्तींची जोडी म्हणून. (३) नाही. ‘वाचले’ हे सकर्मक क्रियापद येथे कर्माप्रमाणे, म्हणजे ‘पुस्तक’ या नपुंसकलिंगी नामाप्रमाणे चालते. त्यामुळे कर्त्याचे लिंग प्रकट होत नाही.

प्रगती – २ : (१) बलस्थान : प्रत्यक्ष माहितीची विपुलता. मर्यादा : एका बाजूने पाहण्याची शक्यता. (२) वाचलेला मजकूर तो वस्तुस्थिती म्हणून श्रोत्यांपुढे मांडणार असल्यामुळे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. आपण वाचलेली एक चरित्रात्मक कादंबरी निवडा. तिच्या कोणत्याही दोन पानांतील मनोव्यापार सांगणारी वाक्ये शोधा. ती वाक्ये चरित्रात लिहायची झाल्यास क्रियापदे कशी बदलावी लागतील, ते लिहा.
२. ‘प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे आत्मचरित्र नव्हे’ या विधानाची चर्चा दोन ग्रंथांच्या आधारे करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील ज्या व्यक्तीला आपण चांगले ओळखता, तिच्यासाठी एक कादंबरी आणि एक चरित्र निवडा. प्रत्येकी शंभर शब्दांचे शिफारस-टिपण लिहून त्या व्यक्तीस द्या. वाचन झाल्यावर तिच्याशी बोला आणि टिपणातील कोणते विधान तिला उपयोगी पडले व कोणते पडले नाही, याची नोंद करून संपर्क सत्रात सादर करा.